आडवी सायकल घेऊन कासच्या ग्रुप राइडला गेलो तर ग्रुप खोळंबेल का?

तुम्ही लिहिलंय की वय 46, मणक्याची गादी सरकल्यापासून साधी सायकल सुटली, आता सेकंडहँड रिकम्बंट, म्हणजे मागं रेलून पाय पुढं करून चालवायची आडवी सायकल घेतलीय, सांगली-मिरज रस्त्याला मजेत चालते. पुढच्या महिन्यात साताऱ्याहून कासला ग्रुप राइड आहे, नाव द्यावं का, चढाला कुठला गिअर लागेल, आणि माझ्यामुळं बाकीचे खोळंबतील का.

खोळंबतील. खोळंबू देत.

पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट आणि मग पठारावरून कास, हा रस्ता मी आडवा पडून चढलोय आणि चार वर्षं त्यावरून घरात ऐकून घेतोय. त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

माझी सायकल विकतची नाही. जन्म एमआयडीसीत फिटर म्हणून गेला, तेव्हा लोखंडाची भीती नाही. भंगारातून दोन सायकली आणल्या, एक 26 इंची रेंजर आणि एक पोरांची 20 इंची. मोठीचा मागचा भाग ठेवला, छोटीचा चिमटा आणि चाक पुढं लावलं, मधे चौकोनी पाइप टाकून वेल्डिंग मारलं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, पुढच्या चाकाच्याही पुढं गेला. त्याला एक चेन कुठली पुरते? अडीच चेन जोडून एक केली आणि ती सीटखालून जाताना पाइपला घासू नये म्हणून बेअरिंगची पुली बसवली. सीटला काय लावावं यात मात्र आठवडा गेला. रेक्झिन लावून बघितलं, पाठ भिजून चिंब. शेवटी माळ्यावर आईच्या बाजेची नवार गुंडाळून ठेवलेली सापडली. तीच उभी-आडवी विणून ताणून बसवली. पाठीला अशी बसते की उठू नये वाटतं, आणि खालून वारा लागतो. गल्लीतले लोक मात्र अजून विचारतात, "बाजेसकट निघालात होय?"

आता चढाचं. आडव्या सायकलीची सगळी कमाई वाऱ्यात आहे. छाती वाऱ्याला आडवी येत नाही म्हणून ती सपाटीला पळते आणि उताराला तर विचारू नका. घाटात तुम्ही ताशी सहा-सातनं चाललेले असता, तिथं वारा अडवतोय कुणाला? म्हणजे कमाई गेली आणि वजन तेवढं राहिलं. माझी 18 किलो भरते. त्यात साधा सायकलवाला चढ अंगावर आला की उठून उभा राहतो, अंगाचं वजन पायडलवर टाकतो. आपल्याला उठताच येत नाही. पाठ सीटला रेटायची आणि मांड्यांनी लोटायचं. तुम्ही आधी कितीही सायकल चालवलेली असो, मांड्या पहिले काही महिने भलत्याच जागी दुखतात. तुमच्याकडं सांगलीत चढ म्हणजे कृष्णेचा पूल, त्यामुळं हे अजून कळलं नसेल. दंडोबाच्या डोंगरावर एकदा चढवून बघा, मग नाव द्यायचं का ते ठरवा.

मी गेलो त्या राइडचा कॅप्टन माझा मेव्हणा होता. कार्बनची सायकल, अंगाला चिकटलेली जर्सी, गळ्यात शिट्टी. डिसेंबरातला रविवार, पहाटे सहाला पोवई नाक्यावर साठेक सायकली, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. मी बाज घेऊन हजर. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही सगळ्यात मागं राहा. टेम्पोच्या पुढं."

"का बरं?"

"मागच्याला तुमचा अंदाज येत नाही."

हे त्याचं बरोबर होतं, नाही म्हणत नाही. आपलं डोकं साध्या सायकलवाल्याच्या कमरेइतक्या उंचीला असतं. मागचा आपल्यावरून पलीकडं बघत असतो आणि आपण आहोत हे त्याला ब्रेक मारल्यावर समजतं. शिवाय आपल्या मागं त्याला वाऱ्याचा आडोसाही मिळत नाही, म्हणजे चिकटून चालण्यात त्याचा काही फायदाच नाही. म्हणून मी मागं राहिलो. पण ज्या सुरात सांगितलं तो सूर मी ओळखतो. लग्नात करवला म्हणून मिरवताना हाच सूर होता.

समर्थ मंदिरापर्यंत चांगला गेलो. घाट लागला तसा ग्रुप फाटला, पुढचे पंधरा-वीस दिसेनासे झाले, मी आपला लहान गिअरला पाय फिरवत होतो. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडं खाली सातारा, पलीकडं अजिंक्यतारा. धुकं असं की किल्ल्याचा नुसता माथा वर तरंगतोय. दोन वळणं निघाली. तिसरं वळण डावं होतं.

डावं वळण आणि उजवं वळण यातला फरक साध्या सायकलवर कधी जाणवत नाही. आपण डावीकडून चाललेलो. उजव्या वळणाला आपण बाहेरच्या कडेनं जातो, तिथं चढ पसरलेला असतो. डाव्या वळणाला आतल्या कडेला येतो आणि घाटात सगळ्यात उभा चढ तिथंच, वळणाच्या पोटात. त्यात हँडल जास्त वळवावं लागतं. माझ्यासारख्या आडव्या सायकलीत पुढचं चाक तुमच्या पायांच्या मधे येतं. हँडल वळलं की टायर टाचेच्या वाटेत. सपाटीला तेवढा क्षणभर पाय थांबवता येतो, चढाला पाय थांबवला की सायकल थांबते. माझी डावी टाच टायरला लागली, चाक अडलं, आणि मी ताशी चारच्या वेगानं अगदी सावकाश डाव्या कुशीवर निजलो. कोपर सोललं, बाकी काही नाही. या सायकलवरून पडायला उंचीच नसते. कठड्यावर दोन माकडं होती, त्यांनी मान वळवून बघितलं आणि परत एकमेकांच्या उवा काढायला लागली.

पडण्याचं दुःख नाही हो. खरी गंमत परत सुरू करताना. एक पाय वर पायडलवर, दुसरा जमिनीला. जमिनीचा पाय उचलून पायडलवर नेईपर्यंत पहिल्या पायानं सायकल तोल धरेल इतकी पुढं गेली पाहिजे. उभ्या चढाला ती जातच नाही. दोनदा केलं, दोनदा मागं सरकलो. ढकलत न्यावी तर हँडल गुडघ्याशी, वाकून ढकलायचं म्हणजे ज्या कमरेसाठी हा उद्योग केला तीच मोडायची. तेवढ्यात मागून टेम्पो आला आणि वरून मेव्हणाही उतरून आला.

"दाजी, टेम्पोत टाका. सगळे खोळंबलेत."

खोळंबलेत! बघा, तुमचाच शब्द. सगळे म्हणजे कोण? पुढचे कासला पोचून पोहे खात असतील. आणि माझ्या डोळ्यासमोर तिघं जण, उभ्या सायकलवाले, त्याच वळणावर खाली उतरून सायकल हातात धरून चालत होते. बुटाच्या खालच्या, पायडलला अडकवायच्या क्लीट डांबरावर टक टक वाजत होत्या. त्यांना कुणी टेम्पोत टाका म्हणालं नाही. ते "वॉर्म-अप" करत होते म्हणे.

मी नाही म्हटलं. टेम्पोतला पोरगा हुशार निघाला. म्हणाला, "काका, मी मागनं सीट धरतो, तुम्ही दोन्ही पाय वर घ्या." सायकल रस्त्याच्या बाहेरच्या कडेला नेली, मागून गाडी येत नाही बघितलं, तिरकी लावली, त्यानं धरली, मी दोन्ही पाय पायडलवर घेतले आणि निघालो. पुढच्या डाव्या वळणाला पूर्ण फेरा न मारता पायडल अर्धं पुढं, अर्धं मागं असं मारत काढलं. टाच टायरच्या आड येतच नाही मग. हे कुणी शिकवलं नव्हतं, तिथंच सुचलं. त्यानंतर एकदा पाणी प्यायला थांबलो तेव्हा पोरानं परत धरली. दोनदा. मी दोनदा म्हणतोय हे लक्षात ठेवा.

यवतेश्वर गेल्यावर पठारावरचा रस्ता वरखाली चालतो, उजवीकडं कण्हेर धरणाचं पाणी चमकत होतं, आणि तिथं माझे दिवस आले. उतारावर जोर घेतला की पुढची चढण निम्मी फुकटात. अकरा जण मागं टाकले. मोजले होते.

कासला पोचलो तर मेव्हणा भोंगा घेऊन उभा. "आणि आपले दाजी, टेम्पोच्या मदतीनं का होईना, पोचले! टाळ्या!" टाळ्या पडल्या. मेडल मिळालं. त्यानं राइडच्या यादीत माझ्या नावापुढं पेन्सिलीनं काहीतरी खूण केली, ती मी बघितली.

तेव्हापासून हा वाद आमच्याकडं दर दिवाळीत फराळाबरोबर वाढला जातो. त्याचं म्हणणं, मागून धरलं म्हणजे मदत. माझं म्हणणं, धरणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. जगातल्या मोठमोठ्या टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला, सायकलपटू रॅम्पवर दोन्ही पाय पायडलला अडकवून बसतो आणि मागून माणूस सीट धरून उभा असतो. त्याला कुणी टेम्पोच्या मदतीनं पोचला म्हणतं का? यावर त्याचं ठरलेलं वाक्य, "पण दाजी, मुळात ती सायकलच नव्हे."

हे वाक्य जुनं आहे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या माणसानं अशीच आडवी सायकल काढली, व्हेलोकार. फ्रान्सिस फोर नावाचा सायकलपटू, नावाजलेल्यांतला नव्हे, 7 जुलै 1933 ला तिच्यावर बसला आणि तासात 45.055 किलोमीटर गेला. त्याआधीचा विक्रम 1914 पासूनचा, ऑस्कर एगचा, 44.247. जवळजवळ वीस वर्षं न हललेला विक्रम आडव्या माणसानं हलवला म्हटल्यावर सायकलच्या जागतिक संघटनेनं काय केलं? 1934 साली सायकल कशाला म्हणायचं याची व्याख्याच अशी बांधली की आडवी सायकल शर्यतीतून बाहेर. मेव्हणा तेव्हा जन्मला नव्हता, नाहीतर सही त्याचीच असती. दुसरीकडं लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत अंतर पुरं करायच्या राइडमध्ये, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, आडव्या सायकली चालतात. तिथं अट एवढीच की गाडी माणसाच्या ताकदीनं चालली पाहिजे. शर्यत नाही, त्यामुळं कुणाला भीती नाही.

परतीचा घाट तर ऐकाच. कॅप्टनचा नियम, उताराला त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. नियम चांगला आहे. पण उताराला माझी सायकल पायडल न मारता त्याच्या चाकाला जाऊन भिडते. मी सबंध यवतेश्वर घाट दोन्ही ब्रेक दाबून उतरलो. रबर जळाल्याचा वास यायला लागला, दोनदा थांबून रिम गार होऊ दिली. समर्थ मंदिराला आल्यावर ब्रेक शू बघितले तर पुढचा पार पातळ झालेला. नवी जोडी मी स्वतःच्या पैशानं घेतली, याचा उल्लेख तो कधी करत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं असं आहे. आडवी सायकल ग्रुपबरोबर राहतच नाही, चढाला मागं आणि उताराला पुढं. राहायचा प्रयत्न करू नका. आयोजकांना आधीच सांगा की मी अर्धा तास लवकर निघतो, घाटाच्या वर भेटू. हल्ली मी तसंच करतो. ते नाही म्हणाले तर तसली राइड म्हणजे नाव बदललेली शर्यत समजा आणि त्याच रस्त्यानं एखाद्या बुधवारी एकटे जा. कासला फुलांच्या दिवसांत, सप्टेंबरच्या आसपास, शनिवार-रविवारी तर अजिबात जाऊ नका, गाड्यांची रांग असते आणि आपण कुणाला दिसत नाही. सीटमागं उंच काठीला झेंडा लावा, लाल किंवा भगवा, आणि दोन्ही बाजूंना आरसे. मान वळवून मागं बघता येत नाही या सायकलवर.

कमरेचं मी सांगतोय ते माझ्या कमरेवरून. तुमच्या गादीचं डॉक्टरांना विचारा, चढाला पाठ सीटवर रेटताना सगळा जोर कमरेवर येतो, काहींना तोच बाधतो. आणि माझं बघून घरी वेल्डिंग करायला जाऊ नका. माझी पहिली फ्रेम पंधरा दिवसांत जोडावर चिरली होती, नशीब की गल्लीतच.

गिअरचा हिशोब देतो. मागं 26 इंची चाक, पुढच्या चकतीला 24 दात, मागच्या चकतीला 34, पायडलचे मिनिटाला 70 फेरे मारले की ताशी सहाच्या आसपास पडते. याच्या खाली गेलात तर तोल राहत नाही, म्हणून अजून लहान गिअर घेऊन माझ्या मते उपयोग नाही. तुमच्या सायकलला पुढं 38 दातांची एकच चकती असेल तर यवतेश्वरला गुडघे हातात येतील, ती आधी बदला. आणि तिसऱ्या वळणाला थांबावं लागलं तर बाहेरच्या कडेला घ्या. टेम्पोत एखादा पोरगा असतोच. त्याला धर म्हणा, ढकलू नको म्हणा, आणि कॅप्टन बघत असेल तर हे जरा मोठ्यानं म्हणा.