डिस्क्रीट मॅथ्स सोडून नुसतं कोडिंग शिकू का?

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतली मुलं बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरला गेली की त्यांच्यापैकी बरीच हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात दारव्हा तालुक्यातला एक मुलगा वडिलांसोबत आला. डिस्क्रीट मॅथ्सचा, म्हणजे तर्क, संच, ग्राफ असल्या गणिताचा, पेपर बॅक राहिला होता. "मले गणित जमतच नाही मॅडम. कोडिंग शिकाचं आहे, तं हे सेट न् ग्राफ काऊन शिकवतेत?" वडिलांचा प्रश्न पैशाचा होता. कापसाचा चुकारा हातात आला होता. पोराला कॉलेजातून काढून पुण्याच्या क्लासला घालावं का, हे त्यांना ठरवायचं होतं.

मी त्याला अकरावी-बारावीचं विचारलं. इंटिग्रेशनमध्ये अडकायचा, म्हणून 'गणितात कच्चा' हा शिक्का त्याने स्वतःच मारून घेतला होता. पण डिस्क्रीटचा बराचसा भाग इंटिग्रेशनवर उभा नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण तर्काचंच आहे, सत्यता सारणीसकट, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या तक्त्यासकट. म्हणजे सुरुवात त्याची झालेलीच होती.

मग त्याचा एक प्रोग्राम उघडायला लावला. विहिरीवरची मोटर आपोआप चालू-बंद करायचा प्रोजेक्ट होता. अट त्याने अशी लिहिली होती: लाईन नसेल आणि पाणी नसेल तर मोटर बंद, नाहीतर चालू. मी म्हटलं, कागदावर चारही ओळी मांड. लाईन आहे-पाणी आहे, लाईन आहे-पाणी नाही, असं करत. दुसऱ्या ओळीवर त्याचा पेन थांबला. लाईन आहे, विहीर कोरडी, आणि त्याच्या अटीप्रमाणे मोटर चालू! वडील लगेच म्हणाले, "जळंन ना बाप्पा ते." त्याने 'आणि' खोडून 'किंवा' केलं. 'दोन्ही आहेत' याचा नकार 'दोन्ही नाहीत' असा होत नाही, 'एक तरी नाही' असा होतो. हाच डी मॉर्गनचा नियम. परीक्षेत त्याने तो पाठ करून लिहिला होता, पण आपल्याच प्रोग्राममध्ये तो लागतो हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. माझ्या मते मुलांची खरी अडचण इथेच असते, बुद्धीत नसते.

डेटाबेसचंही तसंच. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७० साली जे रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत) मांडलं, ते संच आणि संबंध यांवरच उभं आहे. जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, समजत नाही म्हणणाऱ्या मुलाला मी आधी दोन संचांचा कार्टेशियन गुणाकार, म्हणजे एकातल्या प्रत्येकाची दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी जोडी, हाताने लिहायला लावते. नकाशात जवळचा रस्ता शोधणं म्हणजे ग्राफचं, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं, काम. पासवर्ड आणि ऑनलाइन व्यवहार सुरक्षित ठेवण्यात भागाकारात उरणाऱ्या बाकीचं अंकगणित (मॉड्युलर) लागतं.

आता नोकरीचं. टेस्टिंग, सपोर्ट, साधी वेबसाइट बनवणं, अशा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ग्राफ थिअरीचं प्रमेय सहसा कुणी विचारत नाही. हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. पण अल्गोरिदमवर प्रश्न आला की हा विषय लागतो, आणि एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात तर तो थेट आहे. मुख्य म्हणजे पदवी अर्धवट सोडून केलेल्या क्लासच्या प्रमाणपत्रावर जी दारं बंद राहतात, ती नंतर उघडायला फार जड जातात. म्हणून कॉलेज सोडू नका, असंच मी सांगितलं.

अभ्यासाचा क्रम आम्ही बदलला. आधी तर्क आणि संच, मग संबंध, मग मोजणी, ग्राफ त्यानंतर. इंडक्शन (पहिल्या संख्येसाठी खरं, आणि एकीसाठी खरं तर पुढचीसाठीही खरं, असं दाखवून सिद्ध करणं) सगळ्यात शेवटी, कारण तिथे मुलं हमखास बिचकतात. व्याख्या इंग्रजीत वाचायची, पण लगेच आपल्या भाषेत वहीत उतरवायची, खाली दोन-तीन लहान उदाहरणं स्वतः तयार करायची. प्रत्येक आठवड्यात एक गोष्ट प्रोग्राममध्ये करून बघायची. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर या विषयाची व्याख्यानं फुकट आहेत. गावात रेंज नसली तर कॉलेजातच डाउनलोड करून न्यायची.

क्लासच्या पैशातून वडिलांनी जुना लॅपटॉप घेतला, उरलेले पेरणीसाठी ठेवले. उन्हाळी परीक्षेत पेपर निघाला. इंडक्शनच्या प्रश्नाला मात्र त्याने हातच लावला नव्हता, आणि आता आमचं त्याच्यावरच काम चालू आहे.