दाढ पेटलीय की शांत आहे, ते आधी बघ

टेक्सासहून एका मुलीचं पत्र आलंय. माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. ती लिहिते: “काकू, उजवीकडची खालची अक्कलदाढ आठ दिवस ठणकतेय. इथं चारही दाढा एकदम काढायला सांगितल्या. गुंगीच्या इंजेक्शनसकट ३,२०० डॉलर, आणि विमा त्यातले निम्मेसुद्धा देणार नाही. डिसेंबरात मामेभावाच्या लग्नाला कोल्हापूरला येतोच आहोत. अजून दोन महिने गोळ्यांवर काढले तर चालेल का? आईनं इकडं येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर लवंगतेल आणि अमॉक्सिसिलिनच्या दोन स्ट्रिपा पाठवल्यात.”

बाळ, तुझा प्रश्न पैशाचा आहे, हे मला कळतंय. पण पैशाचा हिशेब नंतर करू. आधी आरशासमोर उभी राहा, तोंड उघड आणि तीन बोटं एकावर एक धरून उभी आत घाल. सहज गेली तर बरं. दोनच जात असतील, घास गिळताना घसा दुखत असेल, दाढेवरची हिरडी सुजून लाल झाली असेल किंवा तिथून घाण चव येत असेल, तर ती दाढ पेटलेली आहे. पेटलेली दाढ डिसेंबरची वाट बघत नाही. ताप आला, जबड्याखाली किंवा मानेकडं सूज उतरली, थुंकी गिळता येईना किंवा श्वास जड झाला, तर दातांच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका; रात्र असो, पहाट असो, थेट इमर्जन्सीत जा. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते, म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतेय.

राजारामपुरीत आमचं औषधाचं दुकान आहे, गेली तीस वर्षं. गाल धरून आलेली माणसं मी रोज बघते. निम्म्यांना वाटतं, दाढ किडली. अक्कलदाढेचं दुखणं पुष्कळदा किडीचं नसतंच. सतरा ते पंचवीसच्या वयात ही दाढ यायला बघते, तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती अर्धी वर येते, अर्धी हिरडीखाली राहते, आणि तिच्यावर हिरडीची एक झडप तयार होते. त्या झडपेखाली भाताचं शीत, शेंगदाण्याचा कण अडकतो. ब्रश तिथं पोचत नाही. आत कुजतं, सूज येते, आणि वरची दाढ चावताना नेमकी त्या सुजलेल्या झडपेवर आपटते. ठणका कानशिलापर्यंत जातो तो यामुळं.

म्हणून पहिला उपाय दाढ काढणं हा नसतोच बहुतेक वेळा. डॉक्टर बोथट सुईच्या सिरिंजनं त्या झडपेखाली सलाइन किंवा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक सोडून आतली घाण धुऊन काढतात. थोड्या वेळाचं काम, पण पुष्कळांचा ठणका त्यानं उतरतो. तुझ्या गावात एवढंच करून घ्यायला ३,२०० डॉलर लागत नाहीत. तपासणी, एक एक्सरे आणि ही धुलाई, एवढ्यासाठीच वेळ माग. “मला आज फक्त दुखण्याची तपासणी आणि उपचार हवेत, काढायचं नंतर ठरवू,” असं स्पष्ट सांगायला लाजू नकोस.

आता आईच्या पार्सलबद्दल. लवंगतेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेला हलका टेकव आणि काढून घे. बोळा तिथं दाबून झोपलीस तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी गालात धरणाऱ्यांचंही तसंच होतं, कातडी पांढरी पडून सोलते. अमॉक्सिसिलिनच्या स्ट्रिपा मात्र बाजूला ठेव. त्यांच्यावर लाल रेघ आहे बघ, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणूनच असते. अँटिबायोटिक ठणका थांबवत नाही, आणि झडपेखालची घाण तशीच राहिली तर औषध संपलं की दुखणं पुन्हा उभं राहतं. ताप असेल, सूज पसरत असेल, तेव्हा त्याची गरज असते आणि तेव्हा ते डॉक्टरच देतील. काउंटरपलीकडून “पोरगी परदेशात आहे, द्या की दोन पाकिटं” असं म्हणणाऱ्या किती आयांना मी हात जोडून परत पाठवलंय! त्यांची माया मला दिसते, म्हणूनच नाही म्हणते.

ठणक्यावर चांगलं काम करते ती इबुप्रोफेन आणि पॅरासिटामोलची जोडी. अमेरिकेतल्या डेंटल असोसिएशनचाही सल्ला हाच आहे: इबुप्रोफेनच्या जातीची औषधं आधी, एकटी किंवा पॅरासिटामोलबरोबर. इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, दर सहा-आठ तासांनी, आणि डॉक्टरला न विचारता दिवसात १,२०० च्या वर नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी किंवा दिवस गेलेले असतील तर इबुप्रोफेन स्वतःच्या मनानं अजिबात नको. पॅरासिटामोलला तिकडं ॲसिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉल म्हणजे तेच. इथून नेलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० इबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामोल आधीच आहे. त्यावर आणखी टायलेनॉल घेतलीस तर दोन्हीकडचं पॅरासिटामोल मोजून घे. दिवसाचं सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये, आणि खाणं कमी झालं असेल तर त्याच्याही बरंच आत. घरच्या डब्यात निमेसुलाइड ही दुखण्यावरची गोळी असेल तर ती नेऊ नका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती विकलीच जात नाही, यकृताला ती बाधू शकते.

पण गोळ्यांवर दोन महिने काढायचे नाहीत. माझ्या भाच्यानं काढले होते. तो दुबईला असतो. इथं यायचं तिकीट काढलेलं, म्हणून तो रोज तीन-तीन गोळ्या घेत राहिला. घरी आला तेव्हा वहिनीनं ताटात भाकरी वाढली, आणि त्यानं तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. भात जिभेनं टाळूला चेपून गिळत होता. डॉक्टरांनी बोटं घालायला लावली तर एकच बोट गेलं. जबडा एवढा आखडलेला असताना हत्यार आत जाणार कुठून? मग आठवडाभर धुलाई आणि औषधं, आणि दाढ निघाली ती परतीच्या विमानाआधी फक्त तीन दिवस. दुबईत पोचला त्या रात्री कानापर्यंत कळ गेली. जखमेतली रक्ताची गाठ निघून गेली होती, आतलं हाड उघडं पडलं होतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. सगळ्यांना होतो असं नाही, पण झालाच तर दाढ काढल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला तो डोकं वर काढतो. तिथं त्याला औषधाची पट्टी भरायला तीनदा जावं लागलं. इथले पैसे गेलेच, तिथलेही गेले, आणि सुट्टीतले दिवस दुखण्यात गेले ते वेगळेच.

तुझी दाढ धुऊन घेतल्यावर शांत झाली, तोंड पूर्ण उघडायला लागलं, तर मग डिसेंबरचा विचार जरूर कर. पण लग्नाची तारीख मध्ये धर. काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, उतरायला आठवडा जातो, टाके साधारण आठवड्यानं काढतात. तेव्हा एक तर हळदीच्या दहा दिवस आधी काढ, नाहीतर लग्नानंतर, पण विमानाआधी पूर्ण दहा दिवस शिल्लक असतील तरच. दोन्ही जमत नसेल तर इथं काढू नकोस, मग भले कितीही स्वस्त पडो.

तिथं एक्सरे काढशील तो संपूर्ण जबड्याचा, ओपीजी, काढून घे आणि त्याची डिजिटल प्रत माग. ती तुझी आहे, मागायला हरकत नसते. खालच्या दाढेच्या मुळांजवळून खालच्या ओठाला जाणारी नस जाते. मुळं तिला चिकटलेली असतील तर ओठ बधिर राहण्याचा धोका असतो, आणि मग कधी कधी त्रिमितीय स्कॅन लागतो. ही प्रत आधी इकडच्या डॉक्टरला पाठवलीस तर तारीख बोलून ठेवता येते. अडकलेली दाढ काढायला तोंड आणि जबड्याची शस्त्रक्रिया शिकलेले, त्यात एमडीएस ही दंतवैद्यकातली वरची पदवी घेतलेले डॉक्टर गाठ. कोल्हापुरात खासगी दवाखान्यात एका दाढेचा खर्च सहसा चार आकडी रुपयांत बसतो, ओपीजीला काहीशे रुपये लागतात. त्याहून कमीत हवं असेल तर नव्या पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं आहे. कॉलेजात वेळ जास्त जातो, पण शिकणाऱ्यांच्या मागं शिकवणारे उभे असतात.

आणि तिथंच काढायची वेळ आली तर त्या ३,२०० डॉलरमध्ये कशाकशाचे किती, ते वेगवेगळं करून बघ. अमेरिकेत प्रत्येक कामाला कोड असतो. साधी काढणी डी ७१४०, नुसत्या हिरडीखालची डी ७२२०, थोडी हाडात असलेली डी ७२३०, पूर्ण हाडात रुतलेली डी ७२४०. गुंगीचे पैसे वेगळे, आणि ते मिनिटांवर चढतात. म्हणून विचार: दुखणारी एकच दाढ, जागेवर सुन्न करून काढली तर किती? दर कोणत्या कोडचा लावलाय? डॉक्टर माझ्या विम्याच्या यादीत आहेत का? विमा कंपनीकडून आधीच लेखी अंदाज मागवता येतो. दातांच्या विम्याला वर्षाची कमाल मर्यादा असते, अनेक योजनांत हजार-दोन हजार डॉलर, आणि ती बहुधा जानेवारीत नव्यानं सुरू होते. दोन दाढा काढायच्याच असतील तर एक वर्ष संपताना आणि एक नवं वर्ष लागल्यावर काढली की दोन्ही वर्षांचे पैसे वापरात येतात. हाडात रुतलेल्या दाढेला कधी कधी दातांचा नाही, तर आरोग्याचा विमा लागू होतो, तेही विचारून घे. डेंटल कॉलेजांत दर कमी असतात. सरकारी मदतीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं उत्पन्न बघून फी ठरवतात, तिथं जायला अवघडून जाऊ नकोस.

चारही एकदम काढायच्या का? माझं मत, दुखत नसलेल्या, निरोगी दाढेला घाईनं हात लावू नये. कोणते उपचार योग्य ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००० सालीच सांगितलंय की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा नुसत्या खबरदारी म्हणून काढू नयेत. मात्र एकाच दाढेची झडप वारंवार सुजत असेल, शेजारची दाढ किडत असेल, तर टाळाटाळ करण्यात अर्थ नाही. विशीच्या आसपास मुळं पुष्कळदा पूर्ण झालेली नसतात, हाड तुलनेनं मऊ असतं. चाळिशीत तीच दाढ जास्त त्रास देते.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दंतवैद्याकडे दाढ काढणं फीच्या दुसऱ्या पट्ट्यात येतं; २०२५ च्या एप्रिलमध्ये ती ७५.३० पौंड होती, आणि त्याच उपचारात दोन दाढा काढल्या तरी फी एकदाच लागते. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर वर्षभर काहीच लागत नाही. दुखणं असह्य होईल आणि दंतवैद्य मिळत नसेल तर १११ ला फोन करा. जर्मनीत गरजेची दाढ जागेवरच्या भुलेत काढायचा खर्च सरकारी विम्यात असतो, पूर्ण भूल बहुधा आपल्या खिशातून. कॅनडात दातांचा विमा नसलेल्या आणि ९०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी योजना आहे, तिचा अर्ज आत्ताच भरून ठेवा. आईवडिलांना तिकडं नेणार असाल तर निघण्याआधी इथं त्यांचे दात तपासून घ्या, कारण प्रवासी विमा दातांच्या बाबतीत फार थोडं देतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरला सांगाच. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. जखमेतली रक्ताची गाठ टिकली पाहिजे. बाहेरून बर्फ लाव. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलकी चूळ. मऊ भात, ताक, गाळलेली आमटी, तिसऱ्या दिवसापासून कोमट पांढरा रस्साही चालेल, मटण ताटाबाहेर ठेवून. मिसळ आणि भडंग पंधरा दिवस नको, चुरमुऱ्याचा एक दाणा जखमेत बसला की काढता काढत नाही. आणि आजी घरात असेल तर तिला आधीच सांगून ठेव. “थोडी मिश्री दाब, ठणका जातो,” असं ती प्रेमानं म्हणेल. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती जखमेला लावू नये. तिच्या हातची पेज खा, मिश्रीची डबी मात्र तिच्याच कनवटीला राहू दे.