कयाक, कनू आणि 'नौकानयन'

प्रश्न नागपूरच्याच एका वाचक ताईंचा आहे. त्यांची मुलगी सुट्टीतल्या शिबिरात कयाक चालवायला शिकली आणि आता शाळेच्या हस्तलिखितासाठी त्यावर लेख लिहितेय. ताई विचारतात: या खेळाला 'नौकानयन' म्हणायचं का? 'कॅनो' लिहायचं की 'कनू'? आणि कयाकच्या शर्यती भरवणाऱ्या जागतिक संघटनेच्या नावात कयाक का नाही?

ताई, लेकीला 'नौकानयन' लिहू देऊ नका. शब्द चांगला आहे, पण फार ऐसपैस. नौका नेणं एवढाच त्याचा अर्थ, त्यामुळे शिडाची होडी, रोइंग, कयाक असं सगळंच त्यात मावतं आणि वर्तमानपत्रं तो तिन्हींसाठी वापरतात. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांचं उदाहरण घ्या. भारताला रोइंगमध्ये पाच पदकं मिळाली, सेलिंगमध्ये, म्हणजे शिडाच्या होड्यांत, तीन आणि कनू स्प्रिंटमध्ये, म्हणजे कनू-कयाकच्या सरळ शर्यतींत, एक. ते एक कांस्यपदक अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांचं, सी-२ प्रकारात, म्हणजे दोघांच्या कनूत, १००० मीटरचं. याआधी आशियाई खेळांत कनूचं पदक आपल्याला मिळालं होतं ते थेट १९९४ मध्ये, हिरोशिमाला. 'नौकानयनात भारताला नऊ पदकं' असं छापलं की एवढी मोठी गोष्ट त्या नऊच्या गर्दीत दिसेनाशी होते.

खेळ तीन, आणि त्यांचे जागतिक कारभारीही तीन. रोइंगची संघटना सर्वांत जुनी, १८९२ ची. शिडाच्या होड्यांची वेगळी. कनू-कयाकची मुळं १९२४ मध्ये कोपनहेगनला स्थापन झालेल्या संघटनेत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, तिच्या जागी आजचा आंतरराष्ट्रीय कनू महासंघ आला. त्याचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे.

रोइंग आणि कयाक ओळखण्याची खूण सोपी आहे. रोइंगमध्ये वल्हं होडीच्या काठाला अडकवलेलं असतं आणि वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. कनू-कयाकमध्ये वल्हं नुसतं हातात असतं आणि तोंड पुढे. इंग्रजीत या दोन वल्ह्यांना दोन शब्द आहेत, मराठीत दोन्ही वल्हीच. मी स्वतः दुसऱ्याला 'हातवल्हं' म्हणतो. ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून लेकीलाही तोच शब्द सुचवेन.

आता कनू आणि कयाक. कयाक हा उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा शब्द. सीलच्या कातड्यानं मढवलेली त्यांची ही शिकारीची होडी. त्यात पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं हातवल्हं आलटून पालटून दोन्हीकडे मारायचं. कनू हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द, कोलंबसाच्या काळात स्पॅनिशमधून युरोपात गेलेला. एकाच बुंध्यातून कोरलेली होडी ती. म्हणजे आपला डोंगाच! वैनगंगेच्या काठी भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे ढीवर बांधवांच्या तोंडी हा शब्द आजही आहे. 'डोंगा उलटला' ही बातमी दर पावसाळ्यात वाचतो आपण, दुर्दैवानं. शर्यतीच्या कनूत मात्र एक गुडघा टेकून, अर्धवट उभं राहून, एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूला मारायचं असतं. तसं केलं की होडी दुसऱ्या बाजूला वळणारच. स्प्रिंटच्या कयाकला पायानं फिरवायचं सुकाणू असतं, कनूला नसतं. म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याला किंचित पीळ देऊन होडी सरळ ठेवावी लागते. अर्जुन आणि सुनीलनं हजार मीटर हेच केलं.

लिहायचं 'कनू', कारण उच्चार तसाच आहे. 'कॅनो' हे नुसत्या स्पेलिंगवरून झालेलं वाचन आहे. 'डोंगा' मला फार प्रिय, तरी शर्यतीसाठी मी तो सुचवणार नाही. निकालपत्रकावर के-१, के-२, के-४, सी-१, सी-२ अशीच नावं असतात. अक्षर होडीचं, आकडा वल्हवणाऱ्यांचा. मूळ शब्द ठेवले तर ती अक्षरं वाचकाला आपोआप कळतात.

महासंघाच्या नावात फक्त कनू का, तर युरोपात हा शब्द पूर्वीपासून दोन्ही होड्यांना मिळून वापरतात. जर्मनमध्ये 'कानू' म्हणजे दोन्ही. त्यातली एक 'कायाक', दुसरी 'कानाडियर'. सी-१ मधला सीसुद्धा मुळात 'कॅनेडियन'चा. फ्रेंच लोक दोन्ही नावं जोडून लिहितात. मराठीतही 'कनू-कयाक' असं जोडनाव छान चालेल.

प्रकारांची नावं देताना सगळीच भाषांतरित करायचा अट्टाहास नको. स्प्रिंट ही संथ पाण्यावरची सरळ शर्यत, १९३६ च्या बर्लिनपासून ऑलिंपिकमध्ये असलेली. स्लॅलम ही खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या दारांतून जायची शर्यत. हिरवी दारं प्रवाहाबरोबर, लाल प्रवाहाविरुद्ध. खांबाला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा दंड, दार चुकलं तर पन्नास. 'नागमोडी शर्यत' म्हटलं तर नाग नदीच्या गावात कुणाला अडणार नाही, पण कंसात स्लॅलम असू द्या. पॅरिसला २०२४ मध्ये आलेल्या कयाक क्रॉसमध्ये चौघं एकदम उंचावरून पाण्यात झेपावतात आणि वाटेत होडीसकट एक पूर्ण कोलांटी घ्यावी लागते. 'कोलांटी' इथे चपखल बसतो. मॅरेथॉन, कनू पोलो या नावांना हात लावू नये.

एका ठिकाणी मात्र अस्सल मराठी शब्द तयार आहे. पॅराकनूमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या शर्यतींत, कयाकशिवाय 'वा' नावाची पॉलिनेशियन होडी असते. तिच्या बाजूला तोल सांभाळणारा लाकडासारखा जोड तरंगत असतो. कोकणात त्याला 'उलांडी' म्हणतात आणि तशा होडीला उलांडीची होडी. हांगझोऊच्याच आशियाई पॅरा खेळांत प्राची यादवनं कयाकमध्ये सुवर्ण आणि या उलांडीच्या होडीत रौप्य मिळवलं. लेकीनं हा शब्द लेखात जरूर घालावा. विदर्भात तो फारसा कानावर येत नाही.

उभं राहून फळीवर वल्हवण्याच्या खेळाविषयी लिहिणार असेल, तर 'हा कनू महासंघाचा खेळ' असं सरसकट लिहू नये. त्यावर सर्फिंगवाल्यांचाही दावा होता. २०२० मध्ये क्रीडा लवादानं ऑलिंपिकपुरता हक्क सर्फिंग संघटनेला दिला आणि कनू महासंघाला आपल्या स्पर्धा भरवायची मुभा ठेवली. ड्रॅगन बोटचंही तसंच, तिची स्वतःची वेगळी जागतिक संघटना आहे.

आणि खेळाडूला 'नावाडी' नको. नावाडी लोकांना पैलतीरी पोचवतो. 'वल्हेकरी' लिहा, मुलगी असो वा मुलगा, तो दोघांनाही चालतो.