कवीच्या आवाजातली कविता ऐकताना

विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगावी एकत्र काव्यवाचन केले. नवख्या श्रोत्याने त्यांच्याच ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. मात्र कविता आधी स्वतः मोठ्याने वाचावी, मग छापील पान समोर ठेवून ऐकावे आणि कवी जिथे थांबतो तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारावी, म्हणजे ओळ संपते तिथेच विराम येतो असे नाही, हे आपोआप ध्यानात येते. मागे संगीत जोडलेल्या चित्रफिती टाळाव्यात. मुलाखत शेवटी ऐकावी, कारण कवीने सांगितलेला अर्थ आधीच कानी पडला की आपला शोध खुंटतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतील ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने दक्षिण आशियाई साहित्यिकांच्या केलेल्या ध्वनिमुद्रणांत मराठी लेखकही आहेत. तो संग्रह अवश्य धुंडाळावा.