वादळात जंगल मोडलं की तिथले बेडूक संपतात का?

मोठ्या वादळानं जंगल आडवं केलं तर तिथले बेडूक मरून जातात का, असं तुम्ही विचारलंय. पावसाळ्यात मी आंबोलीत रात्री बेडूक बघत फिरतो, तेव्हा हाच प्रश्न मलाही पडायचा. त्याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला प्युर्टो रिको या कॅरिबियन बेटावर सापडलं, कारण तिथं वादळाच्या आधीपासूनच बेडूक मोजले जात होते.

१८ सप्टेंबर १९८९ ला ह्यूगो वादळ तिथल्या लुकियो डोंगरांवर आदळलं. झाडं ओकीबोकी झाली, सावलीतली जमीन उन्हात आली. तिथला 'कोकी' हा चिमुकला बेडूक पाण्यात अंडी घालतच नाही. वळलेल्या सुक्या पानात, झावळीच्या बेचक्यात घालतो, नर त्यांवर बसून राहतो आणि अंड्यातून बेडूकमासा न निघता थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो. आपल्या सह्याद्रीतल्या झुडुपी बेडकांच्या अंड्यांतूनही असाच थेट बेडूक निघतो. म्हणजे डबकं नसलं तरी चालतं, दमटपणा गेला की संपलं. त्यामुळे पिल्लांची संख्या एकदम घसरली. मोठे बेडूक मात्र बरेचसे तगले.

पुढं वर्षभरात मोठे कोकी आधीपेक्षा कितीतरी वाढले! १९८३ च्या एका प्रयोगात याचं कारण आधीच दिसलं होतं. त्याच जंगलात बांबूची नळकांडी बांधल्यावर बेडूक वाढले होते, कारण त्यांना खाण्यापेक्षा लपायला आणि अंडी घालायला जागा कमी पडत होती. वादळानं पडलेल्या फांद्या-पाचोळ्यानं ती जागा आयती मिळाली. शिवाय त्यांना खाणारे कोळ्यांसारखे जीवही घटले होते.

पण एवढ्यावरून 'वादळ बेडकांना मानवतं' असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास त्याच जंगलातून कोकीचे काही दुर्मीळ भाऊबंद, उदाहरणार्थ रिचमंडी, दिसेनासे झाले. त्याचं खापर एकट्या वादळावर फोडता येत नाही. बेडकांच्या कातडीला लागणारी जीवघेणी कायट्रिड बुरशी आणि लांबलेले कोरडे दिवस हेही संशयित आहेत. कोरड पडली की बेडूक उरल्यासुरल्या ओलीत दाटीवाटीनं गोळा होतात आणि बुरशीला एकाकडून दुसऱ्याकडे जाणं सोपं होतं. रात्री कोकींचा गजर ऐकणाऱ्याला मात्र जंगल भरलेलंच वाटतं.

म्हणून वादळानंतर बेडूक मोजायचे तर प्रत्येक जात वेगळी मोजा. आणि तुमच्या भागातलं रान पडलं असेल तर सगळं लाकूड, सगळा पाचोळा लगेच उचलू नका, जाळू तर अजिबात नका. निदान एक पावसाळा तरी तो तिथंच राहू द्या.