चाळीस रेडपोल, त्यांतला एक पांढुरका

प्रश्न : डिसेंबरपासून मी मुलीकडे मिनेसोटात, डलुथला आहे. मागच्या अंगणात दाणे ठेवायचा फीडर टांगलाय, त्यावर रोज चाळीसेक रेडपोल पक्षी येतात. कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका, हनुवटी काळी, अंगावर तपकिरी रेघा. त्यांत एक फारच पांढुरका आहे. शेजारीण म्हणते, तो दुर्मीळ 'होरी रेडपोल'. जावई म्हणतात, ती वेगळी जात आता राहिलीच नाही. कोणाचं बरोबर? पाच फोटो पाठवते आहे. – एक वाचक, डलुथ

उत्तर : काकू, दोघांचंही बरोबर आहे.

आधी पक्षी. तुमचे पहिले तीन फोटो मी बाजूला ठेवले. बर्फावरून उजेड परततो तेव्हा कुठलाही रेडपोल पांढरा वाटतो, आणि कडाक्याच्या थंडीत पिसं फुगवून बसला की अंगावरच्या रेघा पिसांत बुडून जातात. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी यातच फसलो. डलुथच्या वायव्येला सॅक्स-झिम बॉग ही दलदल आहे. तिथल्या फीडरसमोर गाडीत बसून मी एका दुपारी सहा होरी मोजले होते. रात्री फोटो मोठे करून पाहिले, तर एकही टिकला नाही. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी आधी शेपटीखाली बघतो, रंगाकडे सगळ्यात शेवटी.

चौथ्या फोटोत तुमचा पक्षी उलटा लटकलाय, ते फार छान झालं. शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला जी पांढरी पिसं असतात, त्यांवर साध्या रेडपोलला ठळक काळपट रेघा असतात. होरीला एखादी केसाएवढी रेघ, नाहीतर तीही नाही. तुमच्या पक्ष्याला एकच आहे, सुईने ओढल्यासारखी. पाचव्या फोटोत पंख सैल सोडलेत म्हणून पाठीखालचा, शेपटीच्या वरचा भाग उघडा पडलाय : सलग पांढरा, एकही रेघ नाही. चोच इवलीशी, त्यामुळे चेहरा आत दाबल्यासारखा दिसतो. कुशीवरच्या रेघा पातळ आणि तुटक. एवढं सगळं एकत्र जमलं म्हणून मी त्याला होरी म्हणतो. नुसत्या पांढऱ्या पाठीवर म्हटलं नसतं, कारण साध्या रेडपोलच्या पूर्ण वाढलेल्या नराचाही तो भाग बराच पांढरट असू शकतो. तुमच्या पक्ष्याच्या छातीवर फिकट गुलाबी झाक आहे, म्हणजे नर. त्याला थव्यातल्या गुलाबी छातीच्या नरांशेजारीच ठेवून पाहा, तपकिरी माद्यांशेजारी नको. मादी असती, तर मी इतकं ठामपणे लिहिलं नसतं.

आता जावयांचं म्हणणं. 2024 मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी या पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेने साधा आणि होरी रेडपोल एकाच जातीत घातले. 2021 च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं होतं, की दोघांचं बाकी सगळं जवळपास सारखंच आहे. रंगातला आणि चोचीतला फरक मुख्यतः एका गुणसूत्राच्या मोठ्या तुकड्याशी बांधलेला आहे, जो काही पक्ष्यांत उलटा बसलेला असतो. मला हा निर्णय पटतो. म्हणून तुमच्या अंगणातला पक्षी कमी मोलाचा झाला, असं मात्र मी अजिबात मानत नाही. तो थेट आर्क्टिकच्या टुंड्रावरून आलाय. उत्तरेत बर्चच्या झाडांचं बी कमी पिकलं, की जेमतेम पंधरा ग्रॅम भरणारे हे जीव थव्याने खाली उतरतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'होरी' हा गट अजून वेगळा नोंदवता येतो. जरूर नोंदवा, आणि चौथा-पाचवा फोटो सोबत जोडा.

फीडरमधलं बारीक काळं बी तुम्ही ओळखलं असेलच. आपले कारळे! भारतातून आणि इथिओपियातून ते इथे येतात आणि रुजू नयेत म्हणून तापवलेले असतात. बर्फ वितळून ते ओले झाले, की बुरशी धरतात. तसे दिसले तर सगळे फेकून द्या. रेडपोल खेटून खातात, त्यामुळे साल्मोनेला हा रोगजंतू त्यांच्यात झपाट्याने पसरतो. दर दोन आठवड्यांनी फीडर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने धुवा, स्वच्छ खळबळा, आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच भरा. एखादा पक्षी गोळा होऊन बसलाय आणि जवळ गेलं तरी उडत नाही, असं दिसलं, तर फीडर त्याच दिवशी उतरवा आणि थवा पांगेपर्यंत टांगू नका. तुमचा पांढुरका त्या थव्यात असला, तरीही.