घरचं लग्न, घरचे हात : वाचकांचे प्रश्न

मुलीचं लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. साडेतीनशे माणसं येतील. हातात दीड महिना आहे. मी, धाकटी मुलगी आणि दोन जावा मिळून जमेल तेवढं घरीच करायचं म्हणतोय. यादी मात्र रोज वाढतेच आहे. काय करावं, काय सोडावं?
– एक वधूमाय, जुळे सोलापूर

यादीआधी हातांचा हिशेब करा. चौघींनी रोज दीड तास दिला तर चाळीस दिवसांत 240 तास होतात. यातले निम्मे धरा. केळवणं, बस्ता, पाहुणे आणि उन्हाचा ताण यांत उरलेले निम्मे जातातच. म्हणजे खरे तास 120.

आता कामं मांडा. आहेराच्या सव्वाशे कापडी पिशव्यांना 30 ते 35 तास लागतील. मुंडावळ्यांच्या जोडाला पाच तास, अंतरपाटाला वाळवण्याचा वेळ सोडून आठ तास. रुखवताला मांडणीसकट 25 तास धरा. अक्षता आणि त्यांच्या पुड्यांना दहा, दारांच्या तोरणांना चौघींची एक रात्र. बेरीज शंभरापाशी येते. इथेच थांबा. स्टेजची मागची सजावट, नवरा-नवरीचे हार आणि वेणी बाहेर द्या. ताज्या फुलांचं मोठं काम आदल्या रात्री, उभ्याने आणि शिडीवर करावं लागतं. त्या रात्री तुमच्या घरात हळद असते. वाचणाऱ्या पैशांपेक्षा दमणूक जास्त होते आणि सकाळी नवरीची आईच मांडवात डुलक्या घेत असते.

कोरडी कामं लग्नाच्या दहा दिवस आधी संपवून पेटीत बंद करा. शेवटच्या आठवड्यात फक्त अक्षता आणि फुलं ठेवा.

पिशव्यांचं गणित असं आहे. साडेतीनशे माणसं म्हणजे साधारण 110 घरं, आणि पिशवी घरटी एकच द्यायची. 44 इंच पन्ह्याचं 20 मीटर सुती कापड आणा. पाणी येण्याच्या दिवशी ते रात्रभर भिजवा आणि वाळवून इस्त्री करा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच आटतं. न धुता शिवलेली पिशवी पुढे शिवणीपाशी गोळा होते. 10 बाय 24 इंचाचे तुकडे कापा. पन्ह्यात चार बसतात, आणि आटूनही लांबीत 31 ओळी निघतात, म्हणजे 124 पिशव्या. दोन्ही टोकं एकेक इंच आत मुडपून तुकडा मधोमध दुमडला आणि बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवण घेतली की 9 बाय 11 ची पिशवी तयार होते. बंद त्याच कापडातून काढायला गेलात तर पन्ह्यात उरलेली दोन-तीन इंचांची पट्टी पुरत नाही. तयार सुती पट्टीच घ्या. एका पिशवीला 14 इंचांचे दोन बंद, म्हणजे एकूण 90 मीटर पट्टी लागेल. एकेक पिशवी पूर्ण करत बसू नका. आधी सगळं कापड कापा, मग सगळ्या मुडपी, मग सगळे बंद, शेवटी बाजूच्या शिवणी. अशा रीतीने एका पिशवीला पंधरा मिनिटांच्या वर वेळ जात नाही. आत काय घालायचं हा प्रश्न सोलापूरकरांना पडू नये. एक टॉवेल किंवा नॅपकिन आणि शेंगा चटणीची पुडी घाला.

ज्वारीच्या अक्षता घरी रंगवल्या. साखरपुड्यात पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर लाल डाग पडले, आणि उरलेल्या अक्षतांना चार दिवसांत कुबट वास आला. लग्नात असं होऊ नये म्हणून काय करू?
– वाचक, कुंभार वेस परिसर

दोन्ही चुकांचं मूळ पाणी आहे. कुंकू पाण्यात कालवून ज्वारीला चोळलं की दाण्याच्या आत ओल शिरते. वरून कोरडा वाटणारा दाणा डब्यात घाम धरतो आणि मग बुरशी येते. शिवाय पाण्यातला रंग दाण्याला धरून राहत नाही. घामेजलेल्या खांद्यावर पडला की तिथेच उतरतो.

एक किलो ज्वारीला दोन चहाचे चमचे तूप लागतं. ते जेमतेम पातळ होईल इतकंच कोमट करा. ज्वारी परातीत घेऊन तूप दोन्ही हातांनी पाच मिनिटं चोळा. प्रत्येक दाण्याला नुसती चकाकी यायला हवी. तळाशी तूप दिसलं तर ते जास्त झालं. मग दोन मोठे चमचे हळद चाळणीतून तीन वेळा थोडी थोडी भुरभुरवा आणि दर वेळी हलवा. सगळी हळद एकदम टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि निम्मी ज्वारी पांढरीच राहते. सुती कापडावर पसरून चार-पाच तास सावलीत ठेवा. उन्हात मुळीच नको, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. हाच गुण पुढे कामाला येतो. कपड्यावर हळद लागलीच तर साबण लावताना डाग लाल होईल, पण घाबरू नका. धुऊन कडक उन्हात वाळवला की बराच निघून जातो. कुंकवाचा डाग असा जात नाही, म्हणून लाल अक्षता चौथा हिस्साच ठेवा. तीन किलो पिवळ्यांत एक किलो लाल मिसळल्या तरी परात भरगच्च दिसते.

हळदीत चुना कालवून लाल रंग काढायची युक्ती काही जण सांगतात. रंग सुरेख येतो, पण अक्षता डोक्यावर उधळायच्या असतात आणि डोळ्यांत जातात. चुना तिथे नको.

एका माणसाला लहान मूठभर, म्हणजे 20 ग्रॅम धरा. साडेतीनशे माणसांना सात किलो लागतील, वर एक किलो राखून ठेवा. तूप लावलेले दाणे महिनाभरात खवट होतात, म्हणून लग्नाआधी तीन-चार दिवसच करा. आधी ज्वारी निवडून फुटके दाणे काढा. अक्षत म्हणजे न भंगलेलं, तेव्हा एवढी निवड करायलाच हवी.

पुड्या कागदाच्या करा. प्लॅस्टिकच्या पाकिटात दाणे घामेजतात. कागद नुसता दुमडा किंवा डिंक लावा. स्टेपलरची पिन कधीही मारू नका. घाईत लोक पुडी नीट न उघडता फाडतात आणि पिन अक्षतांबरोबर उडते. पुड्या अक्षतांच्या वेळेआधी दहाच मिनिटं वाटा. अर्धा तास आधी दिल्या तर मुलं मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच सगळ्या उधळून मोकळी होतात. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात जशी सगळ्यांची मूठ एका क्षणी उघडते, तशी लग्नातही उघडली की मांडव भरल्यासारखा वाटतो. म्हणून पुड्या वाटायला चार बाजूंना चार जाणती माणसं नेमा.

अंतरपाटावर फॅब्रिक रंगाने स्वस्तिक आणि दोघांची नावं काढली. रंग पसरला, अक्षरं फुगली. कापड वाया गेलं. आता दुसरं करायचं आहे.
– वाचक, बार्शी

नव्या कापडाला खळ असते. तिच्यामुळे रंग धाग्यात न मुरता वरच्या वर पसरतो. त्यात रंग पातळ करायला पाणी घातलं असेल तर पसरणारच. या वेळी मांजरपाट घ्या. तो जाड असतो, मागून उजेड आला तरी पलीकडचा माणूस दिसत नाही. तलम पांढऱ्या कापडातून नवरीचा चेहरा आधीच दिसतो, मग अंतरपाट धरायचा कशाला?

सव्वादोन मीटर कापड कोमट पाण्यात साबण घालून धुवा, वाळवा, इस्त्री करा. दोन्ही टोकांना तीन-तीन इंचांचा नेफा शिवा आणि त्यात बोटाएवढ्या जाडीची काठी घाला. काठी नसली की कापड मधोमध झोळीसारखं लोंबतं आणि फोटोत नेमकं स्वस्तिकच वाकडं येतं. चित्र पेन्सिलीने काढून घ्या. कापडाखाली पुठ्ठा आणि त्यावर जुनं वर्तमानपत्र ठेवून कापड चापांनी ताणून बसवा. रंगात पाणी घालू नका. घट्ट वाटला तर त्याच कंपनीचं मीडियम (रंग सैल करायचं द्रव) दोन-चार थेंब घाला. ब्रश भरून लावू नका, दोन पातळ हात द्या आणि मध्ये दोन तास थांबा. एकच जाड थर दिला तर गुंडाळताना त्याला भेगा जातात. 24 तास वाळू द्या आणि मग उलट्या बाजूने वाफ बंद ठेवून तीन ते पाच मिनिटं इस्त्री फिरवा. अंतरपाट घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवा.

सोलापुरी चादर अंतरपाट म्हणून धरायची कल्पना बरेच जण विचारतात. दिसते छानच, पण वजनाने धरणाऱ्यांचे हात भरून येतात. लांबलेल्या मंगलाष्टकांत ती हळूहळू खाली येते. धरणारे दणकट असतील तरच करा.

झेंडूची तोरणं आदल्या दुपारी ओवून, पाणी मारून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली. सकाळी निम्मी फुलं काळी आणि चिकट.
– वाचक, अक्कलकोट रस्ता

तोडलेलं फूल श्वास घेत असतं आणि ढिगात त्याची ऊब साठते. वर पाणी आणि बंद पिशवी. आतून उकडल्यासारखंच झालं.

फुलं पहाटेच्या बाजारातून आणा आणि घरी येताच मोकळी करा. ओलसर गोणपाटावर एका थरात पसरा, खोलीत पंखा लावा आणि ऊन येऊ देऊ नका. गोणपाट पिळून टाकलेलं असावं, गळतं नको. काळी, चिरडलेली फुलं तेव्हाच काढा, कारण एक सडकं फूल शेजारची चार बिघडवतं. ओवायला रात्री बसा. दुहेरी सुती दोरा आणि लांब सुई घ्या. सुई देठाकडून घालून फुलाच्या मधोमध बाहेर काढा. कडेने ओवलेलं फूल फाटून गळतं. तयार माळा वेटोळं करून ठेवू नका, दोरीवर टांगा.

मध्यम झेंडू एका किलोत शंभर ते सव्वाशे बसतो. घट्ट ओवला तर एका मीटरला 35 ते 40 फुलं लागतात. तीन मीटर रुंद मुख्य दाराला झोळ धरून साडेतीन मीटर, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मीटरच्या लडी, आणि आतल्या चार दारांना मिळून पाच मीटर, म्हणजे साडेबारा मीटर झाले. त्याला पाच किलो झेंडू लागतो. खराबा धरून सहा आणा. फुलांचा आकार दर खेपेला वेगळा असतो, तेव्हा आधी अर्धा किलो घेऊन मोजा.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार असतो. पश्चिमेकडच्या दाराला ताजी फुलं लावू नका, दुपारी तीनलाच माना टाकतील. तिथे कापडी तोरण लावा. आंब्याची पानंही तेवढ्यात वळतात. आसोपालवाची जास्त टिकतात.

मोत्यांच्या मुंडावळ्यांना किती मोती लागतील?
– वाचक, मंगळवेढा

चार मिलिमीटरचे मोती घेतले तर एका इंचात सहा ते सात बसतात. कपाळावर सात इंचांच्या दोन सरी, आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांच्या दोन-दोन लडी. एकाला साधारण 320, दोघांना 640. सातशे आणा. मागे बांधायला दोन्हीकडे बारा-बारा इंच रेशमी दोरी सोडा. मोती नायलॉनच्या दोऱ्यात ओवा, कारण सुती दोरा घामाने कुजट होतो. नायलॉनची गाठ मात्र सुटते, म्हणून तिहेरी गाठ मारून वर चिकटद्रव्याचा एक थेंब ठेवा. बाशिंग बांधणार असाल तर कपाळावरची एकच सर ठेवा.

रुखवतात थर्माकोलचं मंदिर करायचं होतं. दुकानदार म्हणतो, मिळणार नाही.
– वाचक, पंढरपूर

बरोबर सांगतो. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिक कागदावरही तीच बंदी आहे.

मंदिर पुठ्ठ्याचं करा. खोक्याच्या पुठ्ठ्यात बारीक नळ्या असतात. भिंती कापताना त्या उभ्या येऊ द्या. आडव्या आल्या तर शिखराच्या वजनाने भिंत वाकते. डिंक पातळ हाताने लावा आणि रात्रभर वर पुस्तकं ठेवा, नाहीतर पुठ्ठा फुगून वाकेल. बाजूला कडक भाकरीची उतरंड रचा. ती दमट हवेत मऊ पडते, म्हणून डब्यातून मांडणीच्या वेळीच बाहेर काढा.

पत्रिका मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत हव्या आहेत. घरी टाइप केलं, पण छपाईवाल्याकडे जोडाक्षरं तुटली.
– वाचक, अशोक चौक

तुम्ही युनिकोडमध्ये (मोबाइल-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) टाइप केलंत आणि छपाईच्या दुकानातलं सॉफ्टवेअर जुनं, त्याच्या स्वतःच्या फाँटवर चालणारं असावं. मजकूर तसाच देऊ नका, पीडीएफ करून द्या. मग त्यात अक्षरं चित्रासारखी बांधलेली राहतात. तिन्ही भाषांचा छापील नमुना त्या त्या भाषेचं माणूस वाचून सही करेपर्यंत छपाई सुरू करू देऊ नका. कन्नड न येणाऱ्याला तुटलेलं जोडाक्षर दिसतच नाही.

कोपऱ्याला ओलं हळद-कुंकू लावणार असाल तर घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापू नका. ओल लागताच बहुतेक शाया फुटतात. लेझर छपाई टिकते, पण जाड हातकागद त्या यंत्रात अडकतो. दुकानात त्याच कागदाची एक प्रत काढून पाहा, मग गठ्ठा घ्या. पत्रिका घरटी मोजा आणि वर दहा टक्के जास्त छापा. अक्षतांची वेळ मात्र तिन्ही भाषांत एकाच आकड्यांत, 12.35 अशी लिहा. भाषांतर करताना ‘साडेबारा वाजून पाच मिनिटे’चं काय होईल याचा नेम नसतो.